आठव्या-नवव्या महिन्यातल्या या चुका टाळा

मे महिन्यातली दुपार. आमच्या तपासणीच्या खोलीत अक्कलकोट रोडकडची एक मुलगी आली, आठवा सरलेला. पाय पुढे करून म्हणाली, "सिस्टर, सूज तर सगळ्यांनाच येते ना?" मी आधी तिचे हात बघितले. डोहाळजेवणाला भरलेल्या हिरव्या बांगड्या मनगटात रुतल्या होत्या, एकही जागची हलत नव्हती. बीपी निघालं 150/100. तीन दिवस डोकं दुखत होतं, ते उन्हाचं समजून तिनं अंगावर काढलं होतं.

संध्याकाळी पावलं सुजणं आणि पाय उशीवर ठेवून झोपल्यावर सकाळी सूज उतरणं, हे या दिवसांत नेहमीचं. पण सकाळी उठल्यावरच चेहरा सुजलेला, अंगठी-बांगडी अचानक घट्ट, डोकं थांबत नाही, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, उजव्या फासळीखाली दुखतंय, यातलं काहीही असलं तर त्याच दिवशी बीपी आणि लघवी तपासा. 140/90 किंवा त्याच्या वर गेलेलं बीपी गरोदरपणात दुर्लक्ष करण्यासारखं नसतं. फासळीखालचं दुखणं शेंगाचटणीमुळे झालेली ॲसिडिटी समजून कितीतरी जणी गोळी घेऊन झोपतात. आणि सूज आहे म्हणून पाणी पिणं कमी करू नका. त्यानं सूज जात नाही, त्रास मात्र वाढतो.

"बाळ शांत झालंय, म्हणजे दिवस भरत आले"

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, कारण ती घरातल्या मोठ्या माणसांच्या तोंडून, मायेनं येते. "आता जागा उरली नाही गं, कुठं हलणार ते?" जागा कमी होते हे खरं. हालचालीची तऱ्हा बदलते. लाथांऐवजी पोट एका बाजूला उचललं जातं, कोपर सरकल्यासारखं वाटतं. पण हालचाल कमी होत नाही, अगदी कळा सुरू होईपर्यंत नाही.

साधारण 28 आठवड्यांनंतर प्रत्येक बाळाची स्वतःची सवय बसते. कुणाचं जेवणानंतर खेळतं, कुणाचं रात्री आई आडवी झाली की. ती सवय आईनंच ओळखायची. बाळ झोपतंही, पण एका झोपेत बहुधा 20 ते 40 मिनिटं. शंका आली तर डाव्या कुशीवर पडा, मोबाईल बाजूला ठेवा, पोटावर हात ठेवून मोजा. दोन तासांत दहा हालचाली जाणवल्या नाहीत, किंवा रोजच्यापेक्षा कमी वाटल्या, तर लगेच निघा. रात्रीचे दोन वाजले असले तरी. "गोड खाऊन बघ, थंड पाणी पी, सकाळी जाऊ" यात वेळ जातो. तपासून सगळं ठीक निघालं तर कुणी रागावणार नाही. माझ्या ड्युटीत तर अजिबात नाही.

कळा खोट्या की खऱ्या

उन्हाळ्यात सोलापूरचा पारा चाळिशीच्या पुढे असतो. त्यात नळाला पाणी आलं की घागरी भरायची धावपळ. पाणी भरताना स्वतः पाणी प्यायचं राहून जातं आणि दुपारी पोट दगडासारखं कडक होतं. मला स्वतःला पहिल्या वेळी 34 व्या आठवड्यात असंच झालं. दोन ग्लास पाणी पिऊन कुशीवर पडले, तासाभरात सगळं थांबलं. खोट्या कळांचा असाच अनुभव असतो, पडल्यावर त्या विरतात. खऱ्या कळा थांबत नाहीत. त्यांच्यातलं अंतर कमी होत जातं, जोर वाढत जातो. 37 आठवड्यांच्या आत पोट पुन्हा पुन्हा ठराविक वेळानं आवळत असेल तर मात्र घरी वाट बघायची नाही.

अंगावरून पाणी गेलं तर कळांची वाट बघू नका. लघवी की पाणी हे कळत नसेल तर स्वच्छ पॅड लावा, रंग बघा आणि दवाखाना गाठा. हिरवट पाणी किंवा लाल रक्त दिसलं तर पॅड भरायची वाटसुद्धा बघायची नाही.

लोहाच्या गोळ्या, मुहूर्त आणि बाकीचं

गोळ्यांनी बाळ काळं होत नाही, काळी होते ती शौचाची रंगछटा. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊ नका. लोहाच्या गोळीच्या आगेमागे तासभर चहाही नको. हिमोग्लोबिन 11 च्या खाली असलेल्या बाईला बाळंतपणातलं रक्त जाणं फार जड जातं.

सोलापूरच्या पूर्व भागात अजूनही मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या भगिनींना माझी हात जोडून विनंती आहे. तंबाखूतलं निकोटीन कातडीतूनही शरीरात जातं. निदान हे तीन महिने सूप दुसऱ्याच्या मांडीवर जाऊ द्या.

"सातव्यातलं बाळ जगतं, आठव्यातलं नाही" ही समजूत पूर्ण उलटी आहे. पोटातला प्रत्येक आठवडा फुफ्फुसं पिकवतो, कातडीखाली चरबी भरतो. 35 व्या आठवड्यात मेंदूचं वजन पूर्ण दिवसांच्या बाळाच्या साधारण दोन तृतीयांश असतं. म्हणून वैद्यकीय कारण नसताना चांगल्या मुहूर्तासाठी 39 आठवड्यांच्या आधी सिझर मागू नका.

पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठीक. पण फाईल सासरी राहिली की पंचाईत होते. मोहोळची एक लेक कळा देत आली तेव्हा रक्तगट विचारला, तर आई म्हणाली, "फाईल सासूबाईंच्या कपाटात." माहेरी निघतानाच सोनोग्राफीचे रिपोर्ट, रक्तगट आणि तपासणीचं कार्ड एका पिशवीत घाला, त्यांचे फोटो नवऱ्याच्या आणि भावाच्या मोबाईलवर ठेवा. रात्री गाडी मिळाली नाही तर 108 ला फोन करा, आणि फोन करतानाच ती पिशवी दाराशी आणून ठेवा.