पाहुणे येण्याआधी पंप सुरू करा

प्लाझ्मा (विद्युतभारित कणांचा वायू) आणि कणशलाकांच्या (वेगवान कणांच्या झोतांच्या) उपयोगांवरची आंतरराष्ट्रीय कार्यशाळा मुंबईत भरवायची ठरली की पहिल्याच बैठकीत वाद रंगतो तो बॅग कापडी द्यायची की ज्यूटची यावर. बॅगांचं आठवड्याभरात होऊन जातं. महिने खातात त्या दोन गोष्टी, फाटक आणि हवा.

आधी फाटक. परदेशी पाहुण्यांना पर्यटक व्हिसावर बोलावू नका, कॉन्फरन्स व्हिसा लागतो, आणि त्यासाठी निमंत्रणाबरोबर सरकारी मंजुरीची कागदपत्रंही. ही फाइल चार-पाच महिने आधी हलवा. पासपोर्टवर नाव जसं आहे तसंच, मधल्या नावासकट, निमंत्रणात आणि गेटपासच्या यादीत जाऊ द्या. फाटकावरचा जवान ‘तोच माणूस आहे हो’ हे ऐकून घेत नाही आणि त्याचं बरोबरच आहे. पाहुणे तुमच्याच गेस्टहाउसमध्ये उतरणार असतील तर ते आल्यापासून २४ तासांत परदेशी माणसाच्या मुक्कामाचा फॉर्म (पूर्वीचा फॉर्म सी) भरायचा असतो, तो कोण भरणार हे आजच ठरवा. मोबाइल, लॅपटॉप, पेनड्राइव्ह कुठे चालतात, कुठे बाहेर ठेवायचे, हे प्रत्येक ठिकाणी लेखी विचारून पाहुण्यांना आदल्या दिवशी कळवा.

भेटीसाठी खारघर सोयीचं. बीएआरसीचं (भाभा अणुसंशोधन केंद्राचं) इलेक्ट्रॉन बीम सेंटर तिथेच आहे, १० एमईव्ही (कणाची ऊर्जा मोजायचं एकक), १० किलोवॅटच्या लिनॅकसह, म्हणजे इलेक्ट्रॉनना सरळ रेषेत वेग देणाऱ्या यंत्रासह. आणि टाटा मेमोरियलच्या अॅक्ट्रेक या कर्करोग केंद्रात प्रोटॉन उपचारही, २०२३ पासून. एकाच बसमध्ये दोन्ही होतात. बसमध्ये पोरांना एवढं सांगा, की १० एमईव्हीचा इलेक्ट्रॉन पाण्यात जेमतेम ५ सेंमी शिरतो, तर २३० एमईव्हीचा प्रोटॉन सुमारे ३३ सेंमी, आणि ऊर्जेचा मोठा वाटा अगदी शेवटच्या टप्प्यात टाकून थांबतो. एक यंत्र खोकी निर्जंतुक करायला आणि दुसरं खोलवरच्या गाठीसाठी का, हे मग वेगळं समजवावं लागत नाही. टीआयएफआरचा (टाटा मूलभूत संशोधन संस्थेतला) १४ एमव्हीचा पेलेट्रॉन, हेही कणांना वेग देणारं यंत्रच, कुलाब्याला, म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला. तो त्याच दिवसात कोंबू नका, वाशीच्या पुलावरच संध्याकाळ होईल. आणि शलाका चालू असताना हॉलमध्ये कुणालाच सोडत नाहीत, म्हणून तारीख यंत्र चालवणाऱ्यांना विचारून ठरवा, संचालकांच्या सोयीने नाही.

आता हवा. व्याख्यानं काय, ऑनलाइनही ऐकता येतात. माणसं कार्यशाळेला येतात ती हात लावायला. काचेच्या नळीतला ग्लो डिस्चार्ज, म्हणजे पंपाने हवा उपसून उरलेला विरळ वायू व्होल्टेज देऊन उजळवणं, हा सगळ्यात साधा प्रयोग, आणि मुंबईत दगा देतो तोही हाच. एकदा आम्ही जुलैत घाट घातला. आदल्या दुपारी नळी उघडून इलेक्ट्रोड पुसले, तासभर तशीच उघडी राहिली. सकाळी पाहुणे भोवती उभे आणि दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा ५ मिलिबारवर अडकलेला. आम्हाला हवा होता ०.१ ते १ मिलिबार. गळती शोधून, ओ-रिंगांना (सांधे हवाबंद करणाऱ्या रबरी कड्यांना) ग्रीस लावून दमलो. शेवटी कुणीतरी पंपाच्या काचेतून तेल पाहिलं, पार ताकासारखं पांढरं. दमट हवेतलं बाष्प पंपात दाबलं गेलं की त्याचं पाणी होतं आणि तेलात फेसाळतं. मग असा पंप दाब खाली ओढत नाही.

म्हणून तेल आठवडाभर आधी बदला. गॅस बॅलास्ट (थोडी हवा आत सोडून बाष्प बाहेर काढणारी पंपाची झडप) उघडा ठेवून पंप अर्धा-पाऊण तास नुसता तापवा, मगच नळीला जोडा. नळी उघडावी लागलीच तर आत कोरडा नायट्रोजन सोडून उघडा, कारण काचेला आणि धातूला चिकटलेलं पाणी पुढे तासन्‌तास सुटत राहतं. ओ-रिंगा दोन जास्तीच्या ठेवा. व्होल्टेज प्रयोग दाखवणाऱ्याच्याच हातात. हे सगळं डिसेंबर-जानेवारीतही करायचं, तेव्हाही समुद्र कुठे लांब जात नाही.

बाकीचं भराभर. पोस्टरचे बोर्ड उभ्या आकाराचे आहेत का बघा, उभा छापलेला ए-झीरो कागद आडव्या बोर्डवर बसत नाही. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. बाहेरून उपकरण येणार असेल तर त्याची पाटी फोटो काढून मागवा, ११० व्होल्टवालं असेल तर ट्रान्सफॉर्मर लागेल. जेवणात जैन ताट वेगळं सांगा, आणि वडापाव एका दुपारी हवाच, चटणी बाजूला. रविवारी कार्यक्रम असेल तर हार्बर लोकलचा मेगाब्लॉक पाहून वेळ छापा.

उद्घाटनाच्या आदल्या रात्री हाय व्होल्टेजचा प्लग काढून पंप चालूच ठेवा, आणि रात्रपाळीच्या वॉचमनकाकांना स्वतः जाऊन सांगा, की घरघर ऐकू आली तरी मेन स्विच पाडायचा नाही. आमच्याकडे पाडला होता. बिचाऱ्यांना वाटलं, कुणीतरी पंखा विसरलं.