थिनरचा डबा उघडा असताना अगरबत्ती लावू नका

कुपवाड एमआयडीसी असू दे नाहीतर साताऱ्याचा हायवे, डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात सकाळी शटर वर गेलं की देवाच्या फोटोपुढं पहिली अगरबत्ती लागते आणि त्याच फोटोखाली कालचा थिनरचा (रंग पातळ करायच्या द्रवाचा) डबा बिनझाकणाचा बसलेला असतो. पूजा करू नका असं कोण म्हणतंय, फक्त फोटो ऑफिसच्या खोलीत लावा, आणि खंडेनवमीला हत्यारं पूजताना पण स्प्रे गन आधी धुवून वाळवून मगच दिव्यासमोर मांडा.

पेटते ती थिनरची वाफ. एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगाच्या थिनरमध्ये बहुतेक वेळा टोल्युइन असतं, त्याचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून वाफ पेट घेऊ शकते तो) साधारण ४ डिग्री, ॲसिटोनचा तर शून्याच्या खाली २० च्या आसपास, म्हणजे डिसेंबरच्या पहाटे कुडकुडत काम करत असला तरी वाफ पेटायला तयारच असते. आणि ही वाफ हवेपेक्षा जड, टोल्युइनची तर तिपटीनं, ती वर जात नाही, फरशीवरून सरपटत गटारात नाहीतर पिटमध्ये (गाडीखाली काम करायच्या खड्ड्यात) जाऊन साठते. त्यामुळं "वेल्डिंग लांब चाललंय की" याला काही अर्थ नाही, वाफ चालत तिथपर्यंत जाते.

म्हणून एक्झॉस्ट छताला नाही, खाली फरशीजवळ पाहिजे, आणि समोरच्या बाजूनं ताजी हवा आत यायला वाट पाहिजे. साधा घरगुती फॅन वाफेच्या वाटेत लावू नका, मोटर आणि बटणात ठिणगी पडते. फ्लेमप्रूफ (आतल्या ठिणगीनं बाहेरची वाफ पेटू न देणारी) मोटर परवडत नसेल तर मोटर भिंतीबाहेर ठेवून पट्ट्यावर पंखा फिरवायचा. पावसाळ्यात पाणी आत येतं म्हणून शटर खाली ओढून गन मारणं तर अजिबातच नको.

ड्रममधून काढताना नळीनं तोंडानं ओढायची सवय लय वाईट. घोटभर जरी फुफ्फुसात गेलं तरी न्यूमोनिया होतो, साधा हातपंप आणा की. पत्र्याच्या ड्रममधून पत्र्याच्याच डब्यात काढा, दोन्हीला वायरनं जोडा आणि ड्रमला अर्थिंग द्या, नाहीतर ओतताना स्टॅटिकची (घर्षणानं साठलेल्या विजेची) ठिणगी पडू शकते. पाण्याच्या बाटलीत थिनर भरून ठेवू नका, नवीन पोरगं उन्हातनं येतं आणि सरळ तोंडाला लावतं. स्वस्तातलं म्हणून पेट्रोलनं पार्ट पुसणं पण बंद करा, त्यात बेंझिन असतं (बीएस-६ पेट्रोलमध्ये १ टक्क्यापर्यंत चालतं) आणि त्यानं रक्ताचा कॅन्सर होतो.

आता मास्क. रुमाल, सर्जिकल, एन-९५ यातलं काहीच वाफ अडवत नाही, ते धुळीसाठी, लांबी (पुट्टी) घासताना वापरा. रंग मारताना ॲक्टिव्हेटेड कार्बनच्या कार्ट्रिजचा हाफ फेस मास्क पाहिजे, पुढं रंगाचा फवारा अडवणारं प्री-फिल्टर लावून, आणि दाढी वाढलेली असेल तर तो चेहऱ्याला नीट बसतच नाही. काम झालं की मास्क झिप पिशवीत बंद करून ठेवा, खिळ्याला टांगला तर कार्ट्रिज रात्रभर गॅरेजची हवा पीत बसतं आणि लवकर संपतं. थिनरचा वास यायला लागला की कार्ट्रिज बदला, पण पीयू क्लिअरच्या (वरून मारायच्या पॉलियुरेथेनच्या चकाकीच्या थराच्या) हार्डनरला हा हिशोब लागू नाही, त्यातलं आयसोसायनेट वास यायच्या आधीच छातीत बसतं आणि एकदा दमा लागला की पुढं थोड्याशा रंगानंही धाप लागते. तिथं बाहेरून स्वच्छ हवा देणारा मास्कच खरा. गॅरेजच्या साध्या कॉम्प्रेसरची हवा मात्र थेट मास्कला जोडू नका, त्यात तेलाचा धूर येतो. आणि गन खाली ठेवली म्हणून लगेच मास्क काढू नका, बारीक फवारा अजून हवेत असतो.

हात थिनरनं धुणं हा आपल्याकडचा सगळ्यात जुना रिवाज. रंग निघतो खरा, पण कातडीचं तेलही निघतं, भेगा पडतात आणि त्यातनं थिनर आत जातं. काम झाल्यावर गोडेतेलानं रंग सोडवून साबण लावा. पातळ नायट्रिलचे ग्लोव्हज शिंतोड्यापुरतेच, भिजले की फेकायचे. गन धुवायला थिनरला टिकणारे जाड ग्लोव्हज घ्या.

भिजलेली फडकी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका आणि रोज संध्याकाळी शेडबाहेर काढा. गन धुतलेलं थिनर गटारात ओतायचं नाही, दोन दिवस ठेवलं की रंग खाली बसतो, वरचं परत गन धुवायला चालतं, खालचा गाळ घातक कचरा नेणाऱ्याला द्या. सांगलीत नदीकाठच्या भागात असाल तर पावसाळ्याआधीच ड्रम उंचावर बांधून ठेवा, २०१९ चं पाणी आठवत असेलच. अर्धा भरलेला ड्रम पुरात तरंगत निघतो आणि सांडलेलं थिनर पाण्यावर पसरतं.

आग लागली तर पाणी मारू नका, पेटतं थिनर पाण्यावर तरंगून आणखी पसरतं. आग विझवायचं एबीसी पावडरचं सिलिंडर दाराजवळ ठेवा, आतल्या कोपऱ्यात असलं तर तिथपर्यंत पोचणार कोण? डोळ्यात उडालं तर १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा, चक्कर आली तर माणसाला मोकळ्या हवेत आणा, पोटात गेलं तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका, १०८ ला फोन लावा, आणि जाताना डब्यावरच्या लेबलचा फोटो काढून न्या, डॉक्टर पहिलं तेच विचारतात.