जुना आयपॉड नव्याने वाजवण्यासाठी परवडणारा कारागीर कसा शोधावा

अ‍ॅपलने २०१४ मध्ये आयपॉड क्लासिक बंद केला. तरी तो आजही अनेक घरांच्या कपाटांत पडून आहे आणि बहुतेक वेळा त्याची फक्त हार्ड डिस्क किंवा बॅटरी गेलेली असते. त्यातली १.८ इंची डिस्क काढून त्या जागी अ‍ॅडॉप्टरवर मेमरी कार्ड बसवले की साठवण वाढते, वजन घटते आणि फिरणारा भाग उरत नसल्याने बॅटरीही अधिक काळ पुरते. हे काम स्वस्तात करून घ्यायचे असेल, तर सुटे भाग आपण विकत घ्यावेत आणि कारागिराला केवळ मजुरी द्यावी, असे माझे ठाम मत आहे.

दुकानात जाण्यापूर्वी आपले मॉडेल कोणते, हे नक्की करावे. २००७ आणि २००८ च्या क्लासिकमध्ये मूळ सॉफ्टवेअर कार्डावरची सुमारे १२८ जीबीपुढची जागा वापरू शकत नाही, त्यामुळे त्यात मोठे कार्ड घालणे म्हणजे पैसे पाण्यात. २००९ च्या १६० जीबी क्लासिकला ही अडचण नाही. २००५ च्या पाचव्या पिढीच्या आयपॉडचा दर्शनी भाग प्लॅस्टिकचा असल्याने तो तुलनेने सहज उघडतो, तर क्लासिकची धातूची चौकट आतल्या खाचांनी घट्ट धरलेली असते आणि घाईने उचकटली की वाकते. म्हणूनच क्लासिक उघडण्याची मजुरी थोडी जास्त सांगितली, तर ती अवाजवी समजू नये.

मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्ली ही चौकशीला सुरुवात करण्याची ठिकाणे. मोठ्या काचेच्या दुकानांपेक्षा भिंगाखाली मोबाइलचे बोर्ड दुरुस्त करणारा कारागीर या कामाला अधिक योग्य, कारण येथे खरी कसोटी हाताच्या हलकेपणाची आहे. आयपॉडची दोन अंगे वेगळी होताना बॅटरीची आणि हेडफोनची अशा दोन कागदासारख्या पातळ पट्ट्या त्यांना जोडून असतात. बॅटरीच्या पट्टीचे इवलेसे कुलूप आधी अलगद वर उचलावे लागते. तसे न करता पट्टी ओढली, तर बोर्डावरचा सॉकेटच निघून येतो. माझ्या एका आयपॉडचे असेच झाले आणि स्वस्तात ठरलेले काम शेवटी दुप्पट महाग पडले. तेव्हापासून मी प्रत्येक कारागिराला आधी विचारतो, ‘बॅटरीची पट्टी कशी सोडवता?’ जो कुलपाचा उल्लेख स्वतःहून करतो, त्याच्याच हाती वस्तू देतो.

दर ठरवताना काम फसल्यास मजुरी किती, जुनी डिस्क परत मिळेल का आणि काम आपल्यासमोर होईल का, हे तिन्ही आधीच बोलून घ्यावे. बॅटरी फुगलेली असेल, तर तेही आधीच सांगावे. मेमरी कार्ड घरीच पूर्ण भरून तपासावे. बनावट कार्डावर छापलेली क्षमता अनेकदा खोटी असते आणि मग विनाकारण कारागिराला दोष लागतो. जुनी डिस्क चालू असेल, तर गाणी आधी संगणकावर उतरवून घ्यावीत.

आयपॉड संगणकाला जोडणारी ३० पिनची केबल सोबत न्यावी, कारण ती आता दुकानात सहसा नसते. नवे कार्ड बसल्यावर आयपॉड संगणकावरच्या आयट्यून्समधून (नव्या मॅकवर फाइंडरमधून) रीस्टोअर करावा लागतो, म्हणजे त्यात मूळ सॉफ्टवेअर नव्याने भरावे लागते. शक्य असल्यास लॅपटॉप नेऊन ते तिथेच करावे, दोन-चार गाणी चढवावीत, हेडफोनच्या दोन्ही बाजूंनी आवाज येतो का आणि होल्डची (बटणे बंद ठेवणारी) कळ चालते का हे पाहावे, आणि मगच पैसे द्यावेत.