प्रवासाच्या क्रेडिट कार्डाचा हिशेब मांडताना या चुका टाळा

बडोद्यातल्या मराठी घरांत मुलगा किंवा मुलगी कॅनडात, अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात असणे आता नवलाचे राहिलेले नाही, आणि त्यामुळे आईवडिलांच्या विमानप्रवासाचा खर्च हा घरातला कायमचा विषय झाला आहे. अशा घरात कुणीतरी सांगतो की अमुक कार्ड घ्या, खर्चावर पॉइंट साठतील आणि ते देऊन तिकीट फुकट पडेल. कार्ड येते, वार्षिक शुल्क भरले जाते, आणि मग वर्षभराने मंडळी माझ्याकडे विवरणपत्र घेऊन येतात व विचारतात की यात आपल्याला नक्की काय मिळाले. हा प्रश्न कार्ड घेण्यापूर्वी विचारला गेला असता तर पुढचे बरेचसे नुकसान टळले असते. त्याच त्या चुका इतक्या वेळा पाहिल्या आहेत की त्या एकदा सविस्तर लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते.

माझी कसोटी एकच आहे. आपण एरवी करतो तेवढाच खर्च केला, त्यात एक रुपयाचीही भर घातली नाही, तर हे कार्ड शुल्क वजा जाता एखाद्या साध्या, बिनशुल्क कॅशबॅक कार्डापेक्षा (म्हणजे खर्चाचा काही टक्के भाग रोख परत देणाऱ्या कार्डापेक्षा) वर्षाकाठी किती जास्त देते? खालच्या बहुतेक चुका हा प्रश्न न विचारल्यामुळे होतात.

बिझनेस क्लासच्या भाड्याने पॉइंटची किंमत ठरवणे

ही चूक मला सर्वांत जास्त खटकते, कारण ती करणारी माणसे हिशेबात कच्ची नसतात. आमच्या ओळखीतले एक निवृत्त काका आहेत, ज्यांनी आयुष्यभर घरखर्चाची वही चोख ठेवली. मुलीकडे टोरांटोला जायचे म्हणून त्यांनी कित्येक वर्षे एका कार्डावर पॉइंट साठवले आणि प्रत्येक पॉइंटची किंमत दोन रुपयांच्या आसपास धरली, कारण बिझनेस क्लासच्या तिकिटाशी तुलना करून कुणीतरी तो आकडा त्यांना दिला होता. जाण्याची वेळ आली तेव्हा मे महिन्याच्या सुट्टीत पॉइंटवर दोन जागा एका विमानात मिळेनात. जी एक जागा दिसत होती ती दिल्लीहून होती, म्हणजे बडोद्याहून दिल्लीपर्यंतचे तिकीट वेगळे काढायचे, सामान पुन्हा जमा करायचे, आणि पहिले विमान उशिरा पोहोचले तर पुढचे चुकण्याची जबाबदारीही स्वतःवर घ्यायची. काकूंना एकटीने पाठवणे शक्य नव्हते. शेवटी दोघांनी मुंबईहून इकॉनॉमीची तिकिटे रोख पैशांनी काढली आणि पॉइंट एका दुकानाच्या व्हाउचरमध्ये अगदी कमी दराने संपवले. त्यांना वाटले की बँकेने फसवले. प्रत्यक्षात त्यांचा दरच पहिल्या दिवसापासून चुकीचा होता.

उदाहरणादाखल आकडे घेऊ. बिझनेस क्लासचे भाडे २,००,००० रुपये आहे, तीच जागा ९०,००० पॉइंट आणि ४०,००० रुपये कर व अधिभार भरून मिळते. भाड्यातून ४०,००० वजा केले आणि उरलेल्या १,६०,००० ला ९०,००० ने भागले तर पॉइंट १ रुपया ७८ पैशांना पडतो, आणि हाच आकडा सगळीकडे मिरवला जातो. पण पॉइंट नसते तर तुम्ही २,००,००० रुपये देऊन हे तिकीट काढले असते का? काकांनी ६०,००० रुपयांचे इकॉनॉमीचे तिकीट काढले असते. मग तुमचे खरोखर वाचणारे पैसे ६०,००० वजा ४०,००० म्हणजे २०,००० रुपये, आणि पॉइंटची किंमत २२ पैसे. पाय पसरून झोपण्याच्या सोयीसाठी खिशातून आणखी २०,००० रुपये देण्याची तुमची मनापासून तयारी असेल तर ६०,००० ऐवजी ८०,००० धरा. तरीही पॉइंट ४४ पैशांच्या वर जात नाही. याउलट त्याच मार्गावरची इकॉनॉमीची जागा ५०,००० पॉइंट आणि २२,००० रुपये करांवर मिळत असेल, तर ६०,००० मधून २२,००० वजा करून ५०,००० ने भागल्यावर ७६ पैसे येतात. म्हणजे दिसायला साधी असलेली जागा या कुटुंबासाठी तिपटीहून अधिक किमतीची ठरते.

माझी सवय अशी आहे की पॉइंटची किंमत मी केवळ मागच्या प्रवासात प्रत्यक्ष भरलेल्या भाड्याशी ताडून ठरवतो, आणि पॉइंटवरच्या जागेसाठी भरावे लागणारे कर त्यातून आधी वजा करतो. घरापासून ज्या विमानतळावरून उड्डाण आहे तिथपर्यंतचा खर्चही त्यात येतो. बडोद्याच्या माणसाला परदेशी जाताना बहुतेक वेळा अहमदाबाद किंवा मुंबई गाठावी लागते, आणि गाडीभाडे, रात्रीचा मुक्काम, उशिराच्या टॅक्सीचे पैसे हे सगळे त्या ‘फुकट’ तिकिटाचेच भाग आहेत.

शुल्क आणि वगळलेला खर्च न मोजणे

१०,००० रुपये वार्षिक शुल्क हे प्रत्यक्षात ११,८०० रुपये असते, कारण त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. वर्षाचा कार्डावरचा खर्च ६ लाख धरला, तरी इंधन, घरभाडे, वॉलेटमध्ये भरलेले पैसे, विमा, सरकारी भरणा अशा अनेक प्रकारांवर बऱ्याच कार्डांत पॉइंट मिळत नाहीत किंवा त्यांना मर्यादा असते. काही कार्डांवर दागिन्यांची खरेदीही वगळलेली असते, हे लग्न काढलेल्या घराने विशेष लक्षात ठेवावे. असा दीड लाखाचा खर्च बाजूला काढला, उरलेल्या साडेचार लाखांवर शंभराला २ पॉइंट मिळाले, तर वर्षाचे ९,००० पॉइंट होतात. ७६ पैशांनी त्यांचे ६,८४० रुपये. शुल्क वजा जाता हे कुटुंब ४,९६० रुपयांनी तोट्यात आहे. दीड टक्का देणाऱ्या बिनशुल्क कॅशबॅक कार्डाने तेवढ्याच साडेचार लाखांवर ६,७५० रुपये दिले असते, तेही कोणत्याही विमान कंपनीच्या जागेची वाट न पाहता.

शुल्कमाफी, नूतनीकरणाचे व्हाउचर किंवा सुरुवातीचा बोनस मिळत असेल तर तो यात जरूर मिळवावा. मात्र पहिल्या वर्षाचा बोनस दुसऱ्या वर्षाच्या हिशेबात घेऊ नये, आणि जे व्हाउचर आपण कधी वापरलेच नसते त्याची किंमत शून्य धरावी.

टप्पा गाठण्यासाठी खर्च वाढवणे

या चुकीबद्दल मी शांतपणे लिहू शकत नाही. ‘वर्षात अमुक लाख खर्च केले की तमुक हजार पॉइंट जादा’ या योजनेने नव्या कार्डधारकांचे जितके नुकसान होते, तितके दुसऱ्या कशाने होताना मी पाहिलेले नाही. रावपुऱ्याच्या बाजूला धंदा असलेल्या एका परिचिताला वर्ष संपायच्या आधी टप्पा गाठायला काही रक्कम कमी पडत होती. त्याने विम्याचा मोठा हप्ता कार्डावर भरला, घरासाठी लगेच गरज नसलेला फ्रिज घेतला, आणि तरी टप्पा हुकला, कारण विम्याचा खर्च त्या योजनेत धरला जात नव्हता. ही अट नियमावलीत स्पष्ट लिहिलेली होती. पुढच्या महिन्यात धंद्याचे येणे अडकले आणि बिलातले ८०,००० रुपये मागे राहिले.

बाकी रकमेवर महिन्याला ३.६ टक्के व्याज धरले तर २,८८० रुपये होतात, त्यावर १८ टक्के जीएसटी ५१८ रुपये ४० पैसे, म्हणजे एका महिन्यात जवळजवळ ३,४०० रुपये. शंभराला २ पॉइंट आणि पॉइंटला ७६ पैसे या हिशेबाने ८०,००० रुपयांच्या खर्चावर मिळणारा लाभ १,२१६ रुपये आहे. शिवाय मागील बिल पूर्ण भरले नसले की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते, आणि दूध-किराण्यावरही खरेदीच्या दिवसापासून व्याज लागते. महिना ३.६ टक्के म्हणजे वर्षाला ४३.२ टक्के. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली कार्डांवरील थकबाकीच्या व्याजाला ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती, पण सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो आदेश रद्द केला. त्यामुळे ती मर्यादा आपल्याला वाचवील अशा समजुतीत कुणी राहू नये.

ज्याचे बिल दरमहा पूर्ण भरले जात नाही त्याने पॉइंटचे कार्ड घेऊच नये, असे माझे ठाम मत आहे. मी स्वतः खात्यातून आपोआप वळती होणारी रक्कम ‘मिनिमम ड्यू’ (बिलातली किमान भरायची रक्कम) न ठेवता पूर्ण बिलाची ठेवतो. टप्प्यासाठी नातेवाइकाच्या खात्यात खोटे घरभाडे पाठवून पैसे फिरवणाऱ्या तरुणांना मी मदत करत नाही. त्यावर शुल्क लागते, बँका असे व्यवहार ओळखून पॉइंट रद्द करतात किंवा कार्डच बंद करतात, आणि मुळात तो खर्च खरा नसतो.

पॉइंट वर्षानुवर्षे साठवणे

पॉइंटवर व्याज मिळत नाही आणि त्यांचा दर पॉइंटचा कार्यक्रम चालवणारी कंपनी ठरवते. जेट एअरवेजची उड्डाणे १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली. तिच्या सदस्यांचे माइल्स, म्हणजे विमान कंपनीच्या कार्यक्रमातले पॉइंट, खात्यात राहिले, पण ज्या विमानांसाठी ते साठवले होते ती विमाने उरली नाहीत. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली आणि क्लब विस्तारा या तिच्या माइल्सच्या कार्यक्रमाभोवती योजना आखून बसलेल्यांना दुसऱ्या कार्यक्रमाचे कोष्टक नव्याने समजून घ्यावे लागले. ॲक्सिस बँकेच्या मॅग्नस कार्डावर १ सप्टेंबर २०२३ पासून कार्डाचे ५ पॉइंट विमान कंपनीकडे बदली केल्यावर ४ ऐवजी २ माइल्स मिळू लागले, म्हणजे साठवलेल्या पॉइंटची किंमत निम्मी झाली, आणि दरमहा लाखाच्या खर्चावर मिळणारे २५,००० जादा पॉइंटही त्याच वेळी बंद झाले. ज्यांनी वेळेत वापरले त्यांना उत्तम लाभ झाला, हेही खरे आहे.

वर्षभरात कुठे जायचे हे ठाऊक असेल तेवढेच मी साठू देतो. दुसरी एक सवय मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो: जागा पडद्यावर दिसल्याशिवाय पॉइंट विमान कंपनीकडे पाठवू नका. एकदा पाठवलेले पॉइंट सहसा परत येत नाहीत. बदलीला काही कार्यक्रमांत दिवस लागतात, म्हणून पाठवण्यापूर्वी तो कालावधीही पाहून घ्यावा.

परदेशातला अधिभार विसरणे

अनेक कार्डांवर परकीय चलनातील व्यवहाराला ३.५ टक्के अधिभार आणि त्यावर जीएसटी लागतो, म्हणजे एकूण ४.१३ टक्के. परदेशात २,००,००० रुपयांचा खर्च झाला तर हे ८,२६० रुपये होतात, आणि त्या खर्चावरचे ४,००० पॉइंट ७६ पैशांनी ३,०४० रुपयांचे. अधिभार नसलेली किंवा २ टक्क्यांच्या आसपास असलेली कार्डे मिळतात. लेकीकडे महिना-दोन महिने राहणाऱ्याने दुसऱ्या कशाहीआधी हे पाहावे. तिकडच्या दुकानात यंत्राने ‘रुपयांत भरायचे का’ असे विचारले तर नकार देऊन तिथल्याच चलनात भरावे, कारण रुपयांचा तो दर दुकानाच्या बाजूने ठरलेला असतो आणि आपली बँक त्यावर वेगळे शुल्कही लावू शकते. कार्डाने रोख पैसे काढू नयेत. शुल्क वेगळे आणि व्याज त्याच दिवसापासून.

लाउंजला भरमसाट किंमत देणे

लाउंजची, म्हणजे विमानतळावरच्या खास विश्रांतिकक्षाची, किंमत जाहिरातीत लिहिलेली असते ती नसून तिथे गेलो नसतो तर चहा-नाश्त्यावर आपण जे खर्च केले असते तेवढीच आहे. वंदे भारतने मुंबईला जाणाऱ्या आणि वर्षातून एखाददा विमानात बसणाऱ्या घराला त्यासाठी हजारोंचे शुल्क भरण्याचे कारण नाही. शिवाय आता बऱ्याच कार्डांवर लाउंजला खर्चाची अट आहे. एचडीएफसी बँकेने रेगालिया कार्डावर १ डिसेंबर २०२३ पासून तिमाहीत एक लाख खर्चाची अट आणली होती.

एका महिन्यात तीन-चार कार्डांचे अर्ज करू नयेत. प्रत्येक अर्जाची चौकशी सिबिलमध्ये, म्हणजे आपल्या कर्जांच्या नोंदीत, नोंदली जाते, आणि घाईने घेतलेल्या कार्डांच्या अटी कुणी वाचत नाही.

नको असलेले कार्ड पडून ठेवणे

हिशेबात न बसणारे कार्ड ‘असू दे’ म्हणून ठेवले की पुढच्या वर्षाचे शुल्क बिलात येते, आणि मग ते भरूनच टाकले जाते. शुल्काच्या तारखेच्या दोन महिने आधीची आठवण मी दिनदर्शिकेत लिहून ठेवतो. त्या वेळी प्रथम शुल्कमाफी मागावी. मिळाली नाही तर आधी सगळे पॉइंट वापरावेत किंवा बदली करावेत, कारण कार्ड बंद झाल्यावर ते सहसा जातात, मग पूर्ण थकबाकी भरून लेखी विनंती करावी. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार थकबाकी नसेल तर बँकेला ७ कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करावे लागते, आणि त्यापुढच्या प्रत्येक दिवसाच्या विलंबासाठी ग्राहकाला ५०० रुपये द्यावे लागतात. विनंतीची तारीख दाखवणारा ईमेल किंवा पोच म्हणूनच जपून ठेवावी.