युद्धाने विस्थापित झालेल्या कुटुंबांना कोल्हापुरातून मदत कशी करावी

दुसऱ्या महायुद्धात घरदार गमावलेल्या सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांना, ज्यांत बहुतांश स्त्रिया आणि मुले होती, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीत आसरा मिळाला होता. आजच्या युद्धग्रस्तांसाठीही आपली तालीम मंडळे मदत उभी करू शकतात. मात्र ती शक्यतो पैशांच्या रूपात असावी. जुने कपडे पाठवण्याचा मोह आवरावा, कारण त्यांची वर्गवारी, वाहतूक आणि सीमाशुल्क यांवरचा खर्च अनेकदा कपड्यांच्या किमतीहून अधिक होतो. उलट रोख मदत हाती पडल्यास पीठ घ्यायचे, औषधे घ्यायची की सॅनिटरी पॅड, हे ते कुटुंब स्वतः ठरवते, आणि माझ्या मते हेच सर्वांत महत्त्वाचे आहे.

निधी संयुक्त राष्ट्रांची निर्वासितविषयक संस्था किंवा युनिसेफ यांसारख्या संस्थांच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच भरावा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या क्यूआर कोडवर पैसे पाठवू नयेत. मंडळाने जमा रकमेचा हिशेब आणि पावती फलकावर लावावी. शक्य असल्यास एकरकमी देणगीऐवजी दरमहा थोडी रक्कम द्यावी, कारण बातम्या ओसरल्या की देणग्याही आटतात, विस्थापन मात्र वर्षानुवर्षे चालूच राहते.