जुना लष्करी ट्रक दुरुस्त करून पुन्हा उभा करताना या चुका टाळा

महूची छावणी इंदूरपासून तासाभराच्या आत, त्यामुळे शक्तिमान, जोंगा, निसान वन-टन ही लष्करी गाड्यांची नावे इथल्या गॅरेजात कुणाला समजावून सांगावी लागत नाहीत. पण अशी गाडी दारात आली की बहुतेक जण आधी इंजिन सुरू करतात, मग रंग देतात आणि ब्रेकचे ‘नंतर बघू’ म्हणतात. हा क्रमच बदलायला हवा. आधी चाके, मग ब्रेक, त्यानंतर इंजिन. रंग अगदी शेवटी.

चाके: इथली चूक जिवावर बेतते

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या अनेक लष्करी गाड्यांची रिम दोन भागांची असते. तिच्यावर नटांची दोन वर्तुळे दिसतात. हबजवळचे नट चाक गाडीला धरतात, बाहेरचे नट रिमचे दोन भाग एकमेकांना. टायरमध्ये हवा असताना बाहेरचे नट सोडले तर रिमचा अर्धा भाग तोफगोळ्यासारखा उडतो. म्हणून चाक खोलण्याआधी वॉल्वची पिन काढून हवा पूर्ण सोडा आणि छिद्रात तार घालून ते गंजाने बुजलेले नाही याची खात्री करा. लॉक रिंगच्या, म्हणजे टायर रिमवर धरणारी सुटी कडी असलेल्या चाकांनाही हाच नियम. रिंग वाकलेली किंवा गंजाने खाल्लेली असेल तर ती ठोकून सरळ करू नका, बदला. हवा पिंजऱ्यातच, म्हणजे उडणारे तुकडे अडवणाऱ्या लोखंडी चौकटीतच भरा. पिंजरा नसेल तर चाकाला जाड साखळी गुंडाळा, लांब होज लावा आणि समोर उभे राहू नका.

विलीस व फोर्ड जीप, युद्धकाळातले डॉज आणि जीएमसीचा अडीच टनी सीसीकेडब्ल्यू या गाड्यांच्या डाव्या चाकांचे आटे मुळात उलटे असतात. नट सुटत नाही म्हणून पान्याला चार फुटी पाइप लावून जोर केला की बोल्ट तुटतो. बोल्टच्या टोकावर ‘एल’ (लेफ्ट, म्हणजे उलटा आटा) अक्षर आहे का ते आधी पाहा.

ब्रेक

यांतल्या जीपसारख्या गाड्यांत ब्रेकचे एकच सर्किट असते. एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक जातो. तरीही फ्रिज दुरुस्तीच्या दुकानातली तांब्याची नळी लावलेली हमखास सापडते. शुद्ध तांबे सततच्या कंपनाने कडक होते आणि फ्लेअरपाशी (नळीच्या पसरवलेल्या तोंडापाशी) चिरते. स्टीलची किंवा तांबे-निकेल मिश्रधातूची ब्रेकसाठीच बनलेली नळी आणि दुहेरी फ्लेअर एवढेच चालते.

ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते. सिमरोलपुढचा भेरूघाट उतरताना ड्रम तापले की ते पाणी उकळते आणि पेडल थेट फरशीला लागते. ऑइल दर 2 वर्षांनी बदला. डॉट 3 किंवा डॉट 4 जे घालाल तेच पुढे ठेवा. सिलिकॉनचे डॉट 5 त्यात मिसळू नका. पेडलला जोडलेल्या मास्टर सिलिंडरमध्ये इंजिन ऑइलचा थेंबही गेला तर रबरी बकेट (सील) फुगतात आणि सगळी सिस्टिम पुन्हा खोलावी लागते.

एकच चाक तापत असेल तर ते जॅकवर घेऊन त्याचा ब्लीडर (ब्रेकमधली हवा काढायचा स्क्रू) सोडा. चाक लगेच मोकळे झाले तर दाब आत अडकतो आहे. बहुतेक वेळा रबरी होज आतून सुजून बंद झालेला असतो. ब्लीडर सोडूनही चाक फिरले नाही तर व्हील सिलिंडर, शूची (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्टीची) स्प्रिंग किंवा हँडब्रेकची केबल जाम आहे. चारही चाके एकदम धरत असतील तर चाकांकडे जाऊच नका. पेडलला मोकळी चाल उरलेली नसते आणि मास्टर सिलिंडरचे परतीचे छिद्र झाकले जाते. विलीस जीपला ही चाल साधारण अर्धा इंच लागते.

जुन्या शूमध्ये ॲस्बेस्टॉस असते. ड्रममधली धूळ हवेच्या प्रेशरने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

इंजिन

वर्षानुवर्षे उभ्या इंजिनाला थेट सेल्फ मारणे म्हणजे चिकटलेल्या पिस्टन रिंगा तोडणे. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये 20–30 मिली पातळ तेल सोडा, दोन दिवस थांबा आणि मग हँडलने हाताने फिरवा. चेंबर (इंजिनाखालचे ऑइलचे भांडे) खोलून तळाचा गाळ काढा. नवे ऑइल भरल्यावर प्लग न लावताच ऑइल प्रेशर येईपर्यंत इंजिन फिरवा. विलीसच्या साइड वॉल्व इंजिनात बाजूचे झाकण काढले की अडकलेला वॉल्व डोळ्यांनी दिसतो. तिथे फट थंड इंजिनाच्या टॅपेटला 0.014 इंच, पॉइंटला 0.020 इंच, प्लगला 0.030 इंच ठेवा. जोंगाच्या सहा सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाची फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरांना स्पार्क मिळण्याचा क्रम, 1-5-3-6-2-4 आहे. प्लगच्या वायरी काढताना खुणा केल्या नसतील तर इथूनच सुरुवात करा.

गरम झाल्यावर बंद पडणारी गाडी हे उन्हाळ्यातले नेहमीचे दुखणे. लोक सरळ कार्बोरेटर खोलतात. आधी स्पार्क पाहा. इन्सुलेटेड पक्कडीने प्लगची वायर ब्लॉकपासून 5–6 मिमी धरा आणि आसपास पेट्रोल सांडलेले नाही ना, ते बघा. निळा, कडकडणारा स्पार्क असेल तर दोष पेट्रोलचा, बहुधा वेपर लॉक, म्हणजे नळीत पेट्रोलची वाफ होऊन प्रवाह अडणे. पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या पाइपापासून दूर न्या, मध्ये पत्रा लावा. स्पार्क पिवळा आणि मरतुकडा असेल तर कंडेन्सर किंवा कॉइल.

आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. जुन्या रबरी नळ्या, डायफ्रॅम आणि कॉर्कचे पॅकिंग त्यात टिकत नाही. इथेनॉल चालणारे होज आणि डायफ्रॅम बसवा. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी व कार्बोरेटर रिकामे करा.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याची आपल्याकडची सवयही सोडा. इंजिन थंड चालते, ऑइलमध्ये पाणी व पेट्रोल साचते आणि सिलिंडर लवकर झिजतात. तापते आहे तर रेडिएटर साफ करा.

गिअर आणि वायरिंग

पितळी सिंक्रो (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या कड्या) असलेल्या गिअरबॉक्समध्ये जीएल-5 दर्जाचे गिअर ऑइल टाळा. त्यातली गंधकयुक्त रसायने पितळ खातात. तिथे जीएल-4 घाला. फोर-व्हील ड्राइव्ह डांबरी रस्त्यावर लावू नका, मधल्या शाफ्टमध्ये पीळ बसतो आणि लिव्हर निघत नाही. अडकलाच तर थोडे अंतर रिव्हर्स घ्या.

6 व्होल्टची गाडी सेल्फ नीट घेत नाही म्हणून लगेच 12 व्होल्ट करू नका. तेवढ्याच कामाला 6 व्होल्टवर दुप्पट करंट लागतो, आणि कुणीतरी आधुनिक गाडीची बारीक केबल लावलेली असते. 50 चौरस मिमीपेक्षा कमी नको. अर्थिंगची जागा घासून चकचकीत करा.

रंग आणि कागद

पातळ पत्र्यावर जोरात सँडब्लास्टिंग केले तर तो वाळूच्या माऱ्याने ताणला जाऊन लाटांसारखा होतो. ते चेसिसपुरते ठेवा. पावसाळ्यात उघडा पत्रा रात्रभर ठेवू नका, त्याच दिवशी प्रायमर मारा.

ऑलिव्ह ग्रीन मात्र देऊ नका. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधल्या नियम 121 नुसार तो रंग संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज कुणालाही वापरता येत नाही.

2021 पासूनची ‘व्हीए’ मालिकेची व्हिंटेज नोंदणी 50 वर्षांहून जुन्या दुचाकी व एम-1 वर्गातल्या प्रवासी चारचाकींसाठी आहे. मालवाहू ट्रक त्यात बसत नाही, त्यामुळे तिच्या भरवशावर ट्रक घेऊ नका. लष्करातून निघालेल्या गाडीच्या नोंदणीला फॉर्म 21 मधले मूळ विक्री प्रमाणपत्र लागते. पैसे देण्याआधी ते हातात घ्या आणि त्यावरचा नंबर चेसिसवर ठोकलेल्या नंबराशी ताडून पाहा. रिव्हेट केलेल्या पाटीवर विसंबू नका, ती दुसऱ्या गाडीवरून काढून लावता येते.