बर्फाखालच्या ब्लूगिल-क्रॅपीसाठी आमिष: जिवंत की कृत्रिम?

गोठलेल्या तळ्याच्या तळाशी पाणी ४ अंश सेल्सियसच्या आसपास असते. एवढ्या थंडीत ब्लूगिल, क्रॅपी आणि पर्च या गोड्या पाण्यातल्या माशांची भूक मंदावते, आणि मासा आमिषापाशी येऊन ते नुसते न्याहाळून परत फिरतो. अशा सुस्त माशांसाठी माझ्या मते जिवंत अळीच वापरावी, कारण तिची वळवळ आणि वास निम्मे काम करून टाकतात. अळी गळाच्या टोकाला अलगद अडकवावी. तिच्यातला रस थोडा बाहेर आला तर उत्तमच. मात्र डबी कोटाच्या आतल्या खिशात ठेवावी, नाहीतर अळ्या गोठून काडीसारख्या होतात.

मासे चपळ असतील, किंवा बर्फात पाडलेली भोके एकामागून एक धुंडाळायची असतील, तेव्हा टंगस्टनच्या जिगवर (वजन जडवलेल्या गळावर) मऊ प्लॅस्टिकचे बारीक आमिष सरस ठरते. टंगस्टनची घनता शिशापेक्षा जास्त असल्यामुळे जिग लहान असूनही झपाट्याने खाली जाते, आणि प्लॅस्टिक दर माशागणिक बदलावे लागत नाही. हिसके देऊ नयेत. दांडीचे टोक जेमतेम थरथरेल एवढेच हलवावे. सलग दोन-तीन मासे थबकून परत गेले, की हट्ट सोडून त्याच जिगवर अळी चढवावी. जिवंत लहान मासे आमिष म्हणून वापरण्यास काही तळ्यांवर बंदी असते, तेव्हा तेथील नियम आधी पाहावेत.